पाटी मुंबईत, सातबारा गावात
नवा धंदा कोणत्या रूपाने नोंदवावा?



आपल्या कार्यक्षेत्रात असे घर क्वचितच सापडेल, की ज्या घरातला एखादा मुलगा, पुतण्या किंवा जावई मुंबईस नाही. पूर्वी ही मंडळी गिरणीत आणि गोदीत होती. आता घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांत त्यांची दुसरी-तिसरी पिढी नांदते आहे. काही वर्षे नोकरी झाली की पोरगा सुट्टीत गावी येतो आणि म्हणतो, "दादा, स्वतःचं काहीतरी टाकतो." कोणाला गावचा गूळ-काकवी विकायची असते, कोणाला गाळा घेऊन मसाले दळायचे असतात, कोणाला टेम्पो घालायचा असतो. सूनबाईंना पोळी-भाजी केंद्र काढायचे असते.

हे सर्व चांगलेच आहे. नोकरी मागणाऱ्यापेक्षा नोकरी देणारा आपल्या घरातून निघाला तर कोणास नको आहे? परंतु पाटी लागते मुंबईत आणि भांडवल जाते गावाकडून. उसाच्या बिलाचा हप्ता जातो, कधी दागिना जातो, आणि कधी कधी सातबाऱ्यावर बोजा चढतो. अशा वेळी धंदा कशाचा करायचा याची चर्चा चार दिवस चालते. तो कोणत्या रूपाने नोंदवायचा, हे मात्र कोणी विचारत नाही. एजंट सांगेल तेथे सही होते. धंदा चालला तर त्या सहीची आठवणही राहत नाही. धंदा बसला तर मात्र त्या सहीची वाट थेट आपल्या बांधापर्यंत येते. म्हणून या अंकात हा विषय धडा म्हणून घेतला आहे.

आधी चार प्रश्न

कायद्याची पुस्तके जाड असली तरी धंद्याचे रूप ठरविण्यासाठी चारच प्रश्न पुरतात.

एक : तोटा आला तर तो कोणी आणि किती सोसायचा?
दोन : नफा कोणत्या हिशेबाने वाटायचा?
तीन : मतभेद झाला तर शब्द कोणाचा चालायचा?
चार : उद्या एखादा निघून गेला किंवा दगावला तर पुढे काय?

या प्रश्नांची उत्तरे आपल्याला अगदीच परकी नाहीत. आपल्या कारखान्याचा शेअर आपण घेतला तेव्हा ती पोटनियमांत लिहिलेलीच होती. सभासदाची जबाबदारी मर्यादित, एका सभासदाला एक मत, लाभांशाला मर्यादा, आणि सभासदाच्या पश्चात शेअरसाठी वारसाचे नामनिर्देशन. प्रवरेचा कारखाना १९४८ साली नोंदला गेला आणि १९५० साली त्याने गाळपाला सुरुवात केली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी यंत्रे येण्याच्या आधी माणसे आणि नियम बांधले, हे विसरू नये. लहान धंद्यासही तोच क्रम लागू आहे.

एकट्याची मालकी

सर्वांत सोपे रूप हे. यासाठी वेगळा कायदा नाही व वेगळी स्थापना नाही. मालकाचा पॅन तोच धंद्याचा पॅन. मालकाचे उत्पन्न आणि धंद्याचे उत्पन्न एकच धरले जाते. नफा सगळा त्याचा, शब्दही त्याचाच.

तोटाही सगळा त्याचाच. धंद्याचे देणे आणि मालकाचे देणे यांत कायदा भेद करीत नाही. दुकानातला माल संपला तर सावकार किंवा बँक त्याच्या इतर मालमत्तेकडे वळू शकते. गावची जमीन त्याच्या नावावर चढलेली असेल तर तीही त्यात आली.

येथे वडिलांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुलगा सज्ञान आहे, धंदा त्याच्या एकट्याचा आहे आणि तुम्ही कोठेही सही केलेली नाही, तर केवळ बाप म्हणून त्याचे धंद्याचे कर्ज तुमच्यावर येत नाही. ते येते ते सहीने. या सहीविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आणखी एक गैरसमज काढून टाकावा. मुंबईत दुकान नोंदले की लोक म्हणतात, 'गुमास्ता काढला.' गुमास्ता काढला, उद्यम नोंदणी झाली, जीएसटी नंबर मिळाला, म्हणजे धंदा आपल्यापासून वेगळा झाला असे नव्हे. ही सगळी धंद्याची ओळखपत्रे आहेत. त्यांनी धंद्याचे रूप बदलत नाही आणि मालकाची जबाबदारी एका रुपयानेही कमी होत नाही.

भागीदारी : मैत्रीत लिहा, म्हणजे मैत्री टिकेल

दोन मित्र किंवा दोन भाऊ मिळून धंदा करतात ती भागीदारी. तिचा कायदा १९३२ चा. किमान दोन आणि जास्तीत जास्त पन्नास भागीदार चालतात. भागीदारी तोंडीही होऊ शकते, पण तेथेच बहुतेक घोटाळे सुरू होतात. लेखात काहीच लिहिले नसेल तर कायदा नफा-तोटा समान धरतो. भांडवल एकाचे सहा लाख आणि दुसऱ्याचे एक लाख असले तरीही!

भागीदारीतील सर्वांत जड कलम जबाबदारीचे आहे. फर्मचे देणे प्रत्येक भागीदाराकडून पूर्णच्या पूर्ण वसूल करता येते. 'माझा हिस्सा निम्मा, म्हणून मी निम्मेच देतो' हे घेणेकऱ्यापुढे चालत नाही. घेणेकरी कोणाकडे जाईल? ज्याच्याकडे काही आहे त्याच्याकडे. एक भागीदार भाड्याच्या खोलीत राहणारा आणि दुसरा पाच एकर बागाईतवाला असेल, तर तो पाच एकरवाल्याचेच दार वाजवील.

फर्म नोंदवणे इतर राज्यांत ऐच्छिक समजले जाते. महाराष्ट्रात मात्र १९८४ च्या दुरुस्तीने स्थापनेपासून एक वर्षाच्या आत निवेदन देण्याचा नियम घातला. उपनगरांतल्या फर्मसाठी निबंधकाचे कार्यालय वांद्रे पूर्वेस आहे. अर्ज आता ऑनलाइनही भरता येतो.

न नोंदवल्यास काय होते? कलम ६९ सांगते की बिननोंदणीच्या फर्मला करारावर आधारलेला दावा बाहेरच्या माणसावर लावता येत नाही. म्हणजे मुलुंडच्या हॉटेलवाल्याने तुमचा दोन लाखांचा गूळ नेला आणि पैसे बुडवले, तर कोर्टात जाण्याचा रस्ता बंद. तुमच्यावर मात्र कोणीही दावा लावू शकतो. दावा लावल्यानंतर धावतपळत नोंदणी केली तरी तो दावा वाचत नाही.

१९८४ च्या त्याच दुरुस्तीने महाराष्ट्रात आणखी एक कडक कलम घातले होते. बिननोंदणीच्या फर्मच्या भागीदाराला फर्म मोडण्याचा किंवा हिशेब मागण्याचा दावाही लावता येणार नाही, असे ते कलम होते. म्हणजे भागीदाराने गल्ला दाबून धरला तरी दुसऱ्याने हात चोळीत बसायचे. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २००९ साली घटनाबाह्य ठरविले. आता बिननोंदणीचा भागीदारही फर्म मोडून हिशेब मागू शकतो. परंतु एवढी एक फट मोकळी झाली म्हणून नोंदणी टाळणे शहाणपणाचे नाही. मोडण्याच्या दाव्याने धंदा वाचत नसतो.

भागीदार दगावला तर? लेखात वेगळे लिहिले नसेल तर फर्म मोडते. आणि भागीदार दोनच असतील तर लेखातले कलमही उपयोगी पडत नाही, कारण एकट्याची भागीदारी होऊच शकत नाही. सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या प्राप्तिकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली हे स्पष्ट केले. वारस आपोआप भागीदार होत नाहीत, त्यांच्याशी नवा करार करावा लागतो.

भागीदारीतून निघणाऱ्यानेही सावध राहावे. 'मी मागच्या दिवाळीतच निघालो' असे म्हणून सुटका होत नाही. निबंधकाकडे नोंद, राजपत्रात आणि मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, एवढे झाल्यावरच जगाच्या दृष्टीने तो निघाला. तोवर मागे राहिलेल्यांनी केलेले देणे त्याच्याही गळ्यात पडू शकते.

'आणि कंपनी' म्हणजे कंपनी नव्हे

बाजारात 'अमुक आणि कंपनी' अशा पाट्या आपण पाहतो. त्या नावाने फसू नये. ज्या नावाच्या शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड' किंवा 'लिमिटेड' आहे तीच कायद्याची सर्वसाधारण कंपनी.

याचे उत्तम मराठी उदाहरण कॅम्लिनचे आहे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी आपल्या बंधूंसह १९३१ साली मुंबईत 'दांडेकर आणि कंपनी' या नावाने शाईच्या पुड्या आणि वड्यांचा धंदा सुरू केला. त्यांच्या मालाचा छाप घोड्याचा होता, पुढे उंटाची 'कॅमल' शाई आली. १९४६ साली या धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला, आणि आज कोकुयो कॅम्लिनचे कार्यालय अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत आहे. पिढ्या बदलल्या, शेअर हातोहात गेले, पण कंपनी चालू राहिली. कंपनीचा गुण तो हाच. ती मालकांपासून वेगळी, कायद्याने जन्मलेली व्यक्ती असते. मालक बदलले तरी ती मरत नाही, आणि तिचे देणे हे तिचे असते. शेअरधारकाचे नुकसान त्याच्या शेअरच्या रकमेपुरते. दांडेकरांनी पहिल्याच दिवशी कंपनी काढली नाही, धंदा वाढल्यावर पंधरा वर्षांनी रूप बदलले, हेही ध्यानात घ्यावे.

प्रायव्हेट लिमिटेडला आज २०१३ चा कायदा लागू आहे. किमान दोन शेअरधारक आणि दोन संचालक लागतात, शेअरधारक दोनशेपर्यंत चालतात. एकट्याला हवी असेल तर एकव्यक्ती कंपनीची सोय त्याच कायद्यात आहे. तीत आपल्या पश्चात कोण, हे नाव आधीच द्यावे लागते. परंतु उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी हिशेबतपासणी आणि वार्षिक पत्रके चुकत नाहीत. उशीर झाला की दिवसागणिक चढणारे विलंब शुल्क लागते. धंदा बंद केला, शटर खाली ओढले, एवढ्याने कंपनी बंद होत नाही. तिचे नाव रजिस्टरमधून रीतसर काढून घ्यावे लागते.

कंपनी आणि भागीदारी यांच्या मधली वाट म्हणजे एलएलपी, मर्यादित जबाबदारीची भागीदारी. तिचा कायदा २००८ चा. दोन भागीदार पुरतात. आपसांतला करार भागीदारीसारखा मोकळेपणाने लिहिता येतो, आणि जबाबदारी कंपनीसारखी मर्यादित राहते. अर्थात लबाडी केली तर ही भिंत कोसळते. उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेल्याशिवाय एलएलपी कायद्याने हिशेबतपासणी सक्तीची नाही. वार्षिक पत्रके मात्र येथेही भरावीच लागतात. स्थापनेनंतर ३० दिवसांत करार दाखल करावयाचा असतो, तो कामाच्या गर्दीत राहून जातो.

दहा जण, सात जणी आणि एक गच्ची

सभासद विचारतील, आपण सहकारातली माणसे, मग मुंबईत सहकारी संस्थाच का काढू नये? काढता येते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती हव्यात. एका सभासदाकडे एकूण भागभांडवलाच्या एक-पंचमांशाहून अधिक भाग असू नयेत, आणि निबंधकाच्या मंजुरीशिवाय लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. एकट्याच्या किंवा दोघा भावांच्या दुकानास हे रूप बसत नाही. दहा-वीस जणांचे समान हित असेल, उदाहरणार्थ टेम्पोमालक किंवा घरगुती उद्योग करणाऱ्या भगिनी, तर याहून चांगले रूप नाही. दहा ऊसवाल्यांनी मिळून गूळ तयार करून थेट उपनगरांत विकायचा असेल, तर शेतकरी उत्पादक कंपनीचाही मार्ग आहे. तिच्यात सभासद उत्पादकच असावे लागतात, आणि सभासद व्यक्ती असतील तेथे कितीही शेअर असले तरी एकाला एकच मत.

'लिज्जत पापड'चे उदाहरण सर्वजण देतात, परंतु ते अर्धेच सांगतात. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यांतील जसवंतीबेन पोपट यांना पुढे २०२१ साली पद्मश्री मिळाली. १९६१ साली उपनगरात मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. तरी काम थांबले नाही. सात वर्षे काम करून, माणसे आणि शिस्त बसवून, मग जुलै १९६६ मध्ये त्यांनी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्यांच्या कामास ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली, आणि आठ लाखांचे खेळते भांडवल मिळाले. आज त्यांचे मध्यवर्ती कार्यालय वांद्र्याला आहे.

यातून दोन धडे निघतात. पहिला, योग्य रूपाने नोंदणी झाली म्हणूनच ते भांडवलाचे दार उघडले. दुसरा, दुसऱ्याचे रूप डोळे मिटून उचलू नये. १८६० च्या कायद्याची संस्था किमान सात जणांची, आणि ती लोकोपयोगी हेतूची असावी लागते. आपल्या राज्यात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. तीत कोणी भांडवलावर नफा मागू शकत नाही. लिज्जतच्या भगिनींना मोबदला मिळतो तो कामाचा, भांडवलाचा नव्हे. चार पैसे नफ्यासाठी घातलेल्या दुकानाने हे रूप घेणे म्हणजे उसाच्या रानात भाताचे वाफे पाडणे होय.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, आपल्याकडचा एक तरुण आणि त्याचा घाटकोपरचा मित्र यांनी प्रत्येकी ३ लाख घालून दुकान काढले. दोन वर्षांनी ते बसले. एकूण देणी १२ लाख निघाली. माल आणि फर्निचर विकून ४ लाख आले. उरले देणे ८ लाख. मित्राकडे काही नाही, आपल्या तरुणाच्या नावावर जमीन आहे.

भागीदारी असेल तर घेणेकरी सगळे ८ लाख आपल्या तरुणाकडून मागू शकतात. भांडवलाचे ३ लाख गेलेलेच. एकूण फटका ११ लाख. मित्राकडून ४ लाख वसूल करण्याचा हक्क कागदावर राहील, पैसे कोठून येणार?

एलएलपी किंवा प्रायव्हेट कंपनी असेल, आणि कोणी जामीन दिला नसेल, तर प्रत्येकाचे ३ लाख गेले आणि विषय संपला.

आता तिसरा प्रकार. रूप एलएलपीचेच आहे, पण त्या ८ लाखांपैकी ५ लाख बँकेचे कर्ज आहे आणि त्याला वडिलांनी जामीन दिला आहे. मग ते ५ लाख वडिलांनी भरायचे. घराचा एकूण फटका ८ लाख. म्हणजे समोरच्या दाराला कुलूप लावले आणि मागचे दार आपणच उघडे ठेवले.

सहीचे मागचे दार

आमच्या मते या सर्व लेखातील महत्त्वाचे कलम हेच आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते. 'नुसती सही हवी, फॉर्म्यालिटी आहे' असे कोणी म्हणाले तर समजावे की हीच सही सर्वांत महाग आहे.

म्हणून काही पथ्ये पाळावीत.

जामीन द्यायचाच असेल तर रकमेची मर्यादा कागदावर लिहून घ्यावी. आपण जामीनदार आहोत की सहकर्जदार, की जमीन गहाण ठेवीत आहोत, हे वाचून, विचारून मग सही करावी.

तारणाशिवाय कर्जाची वाट आधी पाहावी. लघुउद्योगांच्या लहान कर्जांना बँकांनी तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. २०१० साली ही मर्यादा १० लाख रुपये ठरली होती. मुद्रा योजनेची कर्जेही विनातारण असतात. बँकेत जाताना उद्यम नोंदणीचा कागद बरोबर असावा.

जमीन वडिलोपार्जित असेल तर ती एकट्या बापाची नाही आणि एकट्या मुलाचीही नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्माने मुलाइतकाच हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्यावर शिक्कामोर्तब केले. मुलाच्या मुंबईच्या धंद्यासाठी त्या जमिनीवर बोजा चढवताना लेकींना विचारले पाहिजे. पुढे कोर्टात विचारण्यापेक्षा आज घरात विचारलेले बरे.

आणि सर्वांत उपयोगी गोष्ट : वडिलांना मदत करायची असेल तर भागीदार होण्याऐवजी मुलाला कर्ज द्यावे. साधा लेख करावा आणि रक्कम बँकेमार्फत द्यावी. वीस हजार किंवा त्याहून मोठे कर्ज रोखीने घेणे प्राप्तिकर कायद्याला मान्य नाही. अशाने फार तर दिलेली रक्कम बुडेल, धंद्याचे इतर देणे आपल्या दारी येणार नाही.

उपनगरात नोंदणीचा क्रम

पत्ता. गाळा भाड्याने घेताना लीव्ह अँड लायसनचा करार लेखी आणि नोंदलेला असावा, कायद्याने तो सक्तीचा आहे. राहत्या फ्लॅटचा पत्ता देण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेची ना हरकत घ्यावी. अर्जात जिल्हा 'मुंबई उपनगर' लिहावा. १९९० पासून हा जिल्हा वेगळा आहे. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे त्याचे तीन तालुके. घाटकोपर आणि मुलुंड ही कुर्ला तालुक्यात येतात, पण महापालिकेचे विभाग वेगळे : घाटकोपर एन विभागात, मुलुंड टी विभागात.

रूप. भागीदारीचा लेख, एलएलपी किंवा कंपनीची स्थापना ही आधी करावी. मग त्या नावाचा पॅन आणि त्या नावाचे बँक खाते. हा क्रम उलटा केला की सगळे कागद दुसऱ्यांदा करावे लागतात. प्राप्तिकराचाही विचार येथेच करावा. एकट्या मालकाला त्याच्या उत्पन्नाच्या टप्प्यांप्रमाणे कर असतो, फर्म आणि एलएलपीला सरसकट ३० टक्के दर आहे.

दुकान. १९४८ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला. थोडे कामगार असलेल्या दुकानाला आता परवाना नको, साठ दिवसांत ऑनलाइन सूचना दिली की पुरते. २०२२ च्या दुरुस्तीपासून लहान दुकानांनाही मराठी, देवनागरी पाटी बंधनकारक आहे. मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

उद्यम. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधारवर, विनाशुल्क होते. तिच्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. माल तयार करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या लहान उद्योगाचे पैसे ग्राहक कंपनीने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर व्याज भरावे, असा २००६ चा कायदा आहे. त्याचा लाभ या नोंदणीमुळे मागता येतो. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला हा लाभ नाही, त्याला नोंदणीचा उपयोग कर्जापुरता.

खाद्यपदार्थ. गूळ, काकवी, मसाला, डबा, काहीही असो, अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना हवाच.

जीएसटी. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख उलाढालीनंतर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांनंतर नोंदणी लागते. परराज्यात माल पाठवायचा असेल तर मर्यादेची वाट पाहता येत नाही.

मग निवड कोणती?

थोडी गुंतवणूक, एकटा माणूस, उधारी कमी : एकट्याची मालकी पुरे. दोघे-तिघे विश्वासाचे, धंदा लहान, कोणाच्याही नावावर मोठी मालमत्ता नाही : नोंदलेली भागीदारी. दोघांपैकी एकाच्या नावावर जमीन आहे, किंवा उधारी मोठी होणार आहे : एलएलपी. बाहेरचे भांडवल आणायचे आहे, धंदा पुढच्या पिढीला द्यायचा आहे : प्रायव्हेट कंपनी. दहा घरांचे समान हित आहे : सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी. लहान रूपातून मोठ्यात जाता येते, दांडेकरांनी तेच केले. सुरुवातीलाच पेलवणार नाही असे ओझे घेऊ नये, आणि जमीन उघडी टाकून स्वस्तात सुटल्याचे समाधानही मानू नये.

सभासद बंधूंनो, 'घरातल्या घरात कागद कशाला?' हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. आम्ही असे विचारतो : कारखान्याच्या वजनकाट्यावर आपली गाडी जाते तेव्हा आपण पावती घेतो, ती कारखान्यावर विश्वास नाही म्हणून का? कारखाना आपलाच आहे. पावती घेतो ती पुढे दोघांनाही एकच आकडा दिसावा म्हणून. धंद्याचा लेख म्हणजे तीच पावती. येत्या दिवाळीत मुले घरी येतील, तेव्हा वरचे चार प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा, लेकी-सुनांनाही त्या बैठकीत बसवा, उत्तरे कागदावर उतरवा, आणि तो कागद जाणत्या वकिलाला किंवा हिशेबतपासनिसाला दाखवून मगच पाटी रंगवायला द्या.